श्रेष्ठ खेळाडू ठरवावा कसा?

पुण्यांतील सुशिक्षित घरांत रविवारचें जेवण आटोपून मंडळी पानसुपारीस बसली म्हणजे जे वाद हमखास निघतात, त्यांत पुण्याच्या मैदानांनीं पाहिलेला सर्वश्रेष्ठ क्रिकेट-खेळाडू कोण, हा एक होय. वडील माणसें प्रो. दि. ब. देवधरांचें नांव घेतात. कोणी भाऊसाहेब निंबाळकरांच्या ४४३ धावांचें स्मरण देतो. कोणास चंदू बोर्डे अधिक जवळचे वाटतात. घरांतील मुलें कालच्या सामन्यांतील एखादें नांव मोठ्या आवेशानें पुढें करतात व वडिलांच्या मंद हास्याचीं धनी होतात. वाद कधीं संपत नाहीं. आणि तो संपावा अशी कोणाची इच्छाहि नसते.

हा वाद ऐकतां ऐकतां आमच्या मनांत एक शंका उत्पन्न झाली. जीं नांवें निघतात तीं बहुधा फलंदाजांचीं असतात. बोर्डे गोलंदाजीहि करीत, परंतु त्यांची आठवण निघते ती बॅटीसह. ज्या पुरुषानें याच पुण्यांत गोलंदाजीचे धडे घेतले, पुढें इंग्लंडांतील एका दौऱ्यांत शंभरांवर गडी बाद केले, व ज्यास हिंदुस्थानचा पहिला थोर गोलंदाज म्हणावयास हरकत नाहीं, त्या बाळू पालवणकरांचें नांव वादाच्या अखेरीस, तेंहि कोणी मुद्दाम काढलें तरच, येतें. असें कां व्हावें? याचें एक उत्तर सर्वांस ठाऊक आहे: बाळू चर्मकार जातीचे होते. परंतु हें उत्तर खरें असलें तरी पुरें नाहीं. आमच्या मतें खेळांतील श्रेष्ठता मोजण्याची जी रूढ रीत आहे, तींतच गोलंदाजास कमी लेखण्याची खोड आहे. आणि बाळूंच्या बाबतींत या खोडीनें जातिभेदास फार सोयीचा आडोसा दिला. तें कसें घडलें हें पाहणें, व त्यावरून श्रेष्ठतेचें कांहीं अधिक न्याय्य माप हातीं लागतें काय याचा शोध घेणें, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम मूळ अडचण नीट समजून घेऊं. परीक्षकाचें काम केलेल्या कोणासहि ती नवी नाहीं. गणितांत नव्वद गुण मिळविणारा विद्यार्थी आणि संस्कृतांत सत्तर गुण मिळविणारा विद्यार्थी यांत अधिक हुषार कोणता, हें केवळ आंकड्यांवरून सांगतां येत नाहीं. गणितांत उत्तर बरोबर आलें कीं पूर्ण गुण पदरांत पडतात. निबंध कितीहि उत्तम असला तरी तेथें परीक्षकाचा हात आंखडता असतो. क्रिकेटमध्यें तर याहून विलक्षण प्रकार आहे. देवधरांनीं पहिल्या दर्जाच्या ८१ सामन्यांत ४,५२२ धावा काढल्या. त्यांची सरासरी ३९.३२ पडते. बाळूंनीं अशाच ३३ सामन्यांत १७९ गडी बाद केले. एका गड्यामागें त्यांस १५.२१ धावा मोजाव्या लागल्या. आतां ३९.३२ आणि १५.२१ यांत मोठी संख्या कोणती, हें लहान मूलहि सांगेल. परंतु श्रेष्ठ संख्या कोणती, हें सांगतांना पंडितहि अडखळेल. एकाची संख्या जितकी मोठी तितकी चांगली, दुसऱ्याची जितकी लहान तितकी चांगली. शेर मोठा कीं गज मोठा असें विचारण्यासारखाच हा प्रश्न आहे.

मग लोक तुलना करतात ती कशाच्या जोरावर? तर डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टीच्या जोरावर. फलंदाजाची प्रत्येक धाव फलकावर चढते. शतक पुरें होतांच टाळ्या पडतात, व दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत त्याचें नांव ठळक अक्षरांत छापलें जातें. गोलंदाजानें दिवसभर एका टोकाकडून चेंडू टाकून धावांचा ओघ आंवळून धरला, व त्यामुळें उतावीळ झालेला फलंदाज दुसऱ्या टोकास बाद झाला, तर या कामगिरीची नोंद कोठेंच होत नाहीं. लग्नाच्या पंगतींत जिलबीचा आग्रह करणाऱ्याचा चेहरा सर्वांस आठवतो. पहांटेपासून चुलीपुढें घाम गाळणाऱ्या आचाऱ्याचें नांवहि कोणी विचारीत नाहीं. हा प्रकार एकट्या क्रिकेटचा नाहीं. फुटबॉलच्या खेळांत वर्षांतील सर्वोत्तम खेळाडूस ‘बॅलन डोर’ नांवाचें पारितोषिक युरोपांत १९५६ पासून देण्यांत येतें. इतक्या वर्षांत तें गोलरक्षकास एकदांच मिळालें: १९६३ सालीं, रशियाच्या लेव्ह याशिन यांस. गोल करणारा दिसतो. न झालेला गोल कोणास दिसत नाहीं.

क्रिकेटमध्यें या अन्यायास आणखी एक धार आहे, व ती वर्गभेदाची आहे. इंग्लंडांत १८०६ सालीं सुरू झालेले ‘जंटलमन विरुद्ध प्लेयर’ हे सामने थेट १९६२ पर्यंत चालले होते. जंटलमन म्हणजे हौसेखातर खेळणारे सुखवस्तु घराण्यांतील लोक. प्लेयर म्हणजे पोटासाठीं खेळणारे पगारी लोक. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानावर येण्याचीं दारेंहि वेगळीं. बॅट चालविणें हें जंटलमनला शोभणारें काम, व उन्हांत घाम गाळीत चेंडू टाकणें हें पगारी माणसाचें काम, अशी सर्वसाधारण समजूत असे. नेतृत्व अर्थातच जंटलमनकडे. विसाव्या शतकांत पगारी खेळाडूस इंग्लंडच्या संघाचें नायकत्व मिळावयास १९५२ साल उजाडावें लागलें, आणि तेव्हांहि तो मान मिळाला तो लेन हटन या फलंदाजास. हीच रीत साहेबांबरोबर हिंदुस्थानांत आली. येथें मात्र तिला जातिभेदाची तयार जमीन मिळाली.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडास झाला. घराणें मूळचें कोंकणांतील पालवण गांवचें. वडील लष्करांत नोकरीस असल्यामुळें मुलांचें लहानपण पुण्याच्या छावणींत गेलें. गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम हा खेळ शिकले. पुढें एका पारशी क्लबाच्या मैदानावर झाडलोट करण्याचें व रोलर फिरविण्याचें काम बाळूंस मिळालें. पगार दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पुणें क्लबांत चार रुपयांवर लागले. जाळें बांधावें, खेळपट्टी दाबावी, रेषा आंखाव्या, हीं तेथील कामें. एका साहेबाच्या प्रोत्साहनानें ते सरावासाठीं चेंडू टाकूं लागले, व त्यांच्या डाव्या हाताच्या फिरकीपुढें साहेब लोक गोंधळूं लागले. क्लबांतील नामांकित फलंदाज ग्रेग यांस बाळूंनीं बाद केलें कीं ते दर वेळीं त्यांच्या हातावर आठ आणे ठेवीत, अशी आख्यायिका आहे.

या आख्यायिकेवर लोक खूष होतात. आम्हांस मात्र तिच्या शेजारची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. बाळूंनीं त्या क्लबांत तासन्‌तास चेंडू टाकले, परंतु बॅट हातीं घेऊन यष्टींपुढें उभें राहण्याची संधि त्यांस तेथें मिळाली नाहीं, असें त्यांच्या चरित्रकारांनीं नोंदविलें आहे. फलंदाजी हा साहेबाचा हक्क; गोलंदाजी ही नोकराची चाकरी. बाळू गोलंदाज झाले यांत त्यांच्या उपजत गुणाचा भाग मोठा होता, यांत शंका नाहीं. परंतु कोणी कोणत्या जागेवर उभें राहावें, हें त्यांच्यासाठीं दुसऱ्यांनींच ठरवून टाकलें होतें, हेंहि तितकेंच खरें. खेळांतील जागा ही नेहमींच खेळाडूनें स्वतः निवडलेली नसते. निरनिराळ्या जागांवरील खेळाडूंचा निवाडा करणारे लोक हें पहिलें सत्य विसरतात.

साहेबांस चकविणाऱ्या या नोकराची वार्ता गांवांत पोंचली. पुण्यांतील हिंदु संघास युरोपियनांवर विजय मिळविण्याची मोठी उत्कंठा होती. परंतु या गोलंदाजास आपल्यांत घ्यावें कीं नाहीं, यावर मंडळींत मतभेद झाले. अखेर विजयाच्या इच्छेनें सोंवळ्यावर मात केली, व बाळू संघांत आले. आले, पण मैदानापुरते. त्यांनीं टाकलेला चेंडू झेलतांना ब्राह्मण क्षेत्ररक्षकास विटाळ होत नसे. परंतु चहाच्या वेळीं इतरांस चिनी मातीचे पेले मिळत, व बाळूंस मंडपाबाहेर साध्या मातीच्या भांड्यांत चहा दिला जाई. जेवणाचें पानहि निराळें. साताऱ्याच्या युरोपियन जिमखान्याविरुद्ध त्यांनीं सात गडी बाद करून विजय मिळवून दिल्यावर पुण्यांत त्यांचा सत्कार झाला. न्यायमूर्ति रानडे यांनीं त्यांस हार घातला, आणि बाळूंबरोबर खेळतां येतें तर त्यांच्याबरोबर खातां-पितांहि आलें पाहिजे, अशा अर्थाचे शब्द संघांतील मंडळींस सुनावले, असें नमूद आहे.

चेंडूचा विटाळ नाहीं, पेल्याचा मात्र आहे: या व्यवहारांतील तर्कशास्त्र तपासून पाहण्याजोगें आहे. मंडळींस बाळूंचा गुण हवा होता, बाळू नको होते. गोलंदाजाचा गुण त्या माणसापासून वेगळा काढून वापरतां येतो, ही संवय पगारी गोलंदाजीच्या रिवाजानें आधींच लावून ठेविली होती. आमच्या मंडळींनीं तिला सोंवळ्याचें वस्त्र नेसविलें इतकेंच.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस गेले, तेथें रेल्वेंत नोकरीस लागले, व परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्यातर्फे खेळूं लागले. १९०६ सालच्या फेब्रुवारींत मुंबईस हिंदु विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनीं २४२ व १६० धावा काढल्या, युरोपियनांनीं १९१ व १०२. हिंदु १०९ धावांनीं जिंकले, व राज्यकर्त्यांवरील या विजयाचा सर्वत्र मोठा गाजावाजा झाला. युरोपियनांच्या दुसऱ्या डावांतील निम्मे गडी, म्हणजे पांच, एकट्या बाळूंनीं बाद केले होते.

या आंकड्यांशेजारीं पुण्याच्या मैदानावरील दुसरे आंकडे ठेवून पाहूं. १९४९ च्या मार्चमध्यें पुण्यास महाराष्ट्र व मुंबई यांच्यांत रणजी करंडकाचा सामना झाला. मुंबईनें ६५१ व ७१४, महाराष्ट्रानें ४०७ व ६०४ धावा काढल्या. चार डावांची बेरीज २,३७६ झाली; पहिल्या दर्जाच्या कोणत्याहि सामन्यांत याहून अधिक धावा जगांत झालेल्या नाहींत. आतां १९०६ च्या सामन्यांतील चार डावांची बेरीज करून पाहा. ती ६९५ भरते. डाव तितकेच, परंतु धावा जवळजवळ साडेतीनपट. १९०६ सालच्या खडबडीत जमिनीवर पन्नास धावा काढणें ही मोठी मिळकत होती. १९४९ च्या त्या पाटासारख्या खेळपट्टीवर शतक हें महिन्याच्या पगारासारखें ठरलेलें झालें होतें. म्हणून खेळाडूंची तुलना करण्यापूर्वीं त्यांच्या पायांखालची जमीन आधीं तोलली पाहिजे. हा न्याय अर्थात् दोन्ही बाजूंस लागू आहे. १९४९ च्या फलंदाजाचीं शतकें जर आम्ही सवलतीनें मोजणार, तर बाळूंची १५.२१ ही सरासरीहि जशीच्या तशी स्वीकारतां येणार नाहीं. तिच्यांतहि जमिनीचा वांटा आहेच.

परंतु १९११ सालीं बाळूंची परीक्षा परक्या भूमीवर झाली. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडास गेला. संघ दुबळा ठरला. २३ सामन्यांपैकीं १५ त्यानें गमावले. अशा हरणाऱ्या संघांतून बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ गडी बाद केले, व तेहि प्रत्येकीं एकोणीस धावांहून कमी मोलांत. त्या वेळीं त्यांनीं पस्तिशी गांठलेली होती. जिंकणाऱ्या संघांतील गोलंदाजाच्या पाठीशीं धावांची रास असते, व समोरचा फलंदाज आधींच भ्यालेला असतो. हरणाऱ्या संघांतील गोलंदाजास यांपैकीं कांहींच लाभत नाहीं. म्हणून हे ११४ गडी आम्ही त्यांच्या सर्व कामगिरींत वरचढ मानतों. दौऱ्याहून परतल्यावर मुंबईस अस्पृश्य गणलेल्या समाजानें त्यांस मानपत्र दिलें. त्या प्रसंगीं पुढाकार घेणाऱ्यांत त्या वेळीं महाविद्यालयांत शिकत असलेले तरुण भीमराव आंबेडकर होते, असें सांगतात.

१९१२ पासून मुंबईचे सामने चौरंगी झाले: युरोपियन, पारशी, हिंदु व मुसलमान. हिंदु संघांत बाळूंइतका अनुभवी व यशस्वी खेळाडू दुसरा नव्हता. नायकाची निवड मात्र दर वर्षीं दुसऱ्याची होई. १९१३ सालीं नायक झालेले एम. डी. पै यांनीं एका सत्कार-सभेंत मोकळ्या मनानें सांगितलें कीं, हा मान वास्तविक आपले मित्र बाळू यांस मिळावयास हवा होता. असे उदार उद्गार निघाले, पण निर्णय बदलला नाहीं. १९२० सालीं तर प्रकरण विकोपास गेलें. त्या वर्षीं बाळूंस आरंभीं संघांतून वगळण्यांत आलें. पै आजारी पडले तेव्हां पहिल्या सामन्याचें नेतृत्व तरुण देवधरांकडे गेलें. आणि बाळूंचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं निषेध म्हणून संघाबाहेर राहणें पत्करलें. अंतिम सामन्याच्या वेळीं तिघे बंधु परतले, व बाळूंस उपनायक नेमण्यांत आलें. त्या सामन्यांत पै मैदानाबाहेर गेले असतां कांहीं काळ बाळूंनीं संघ चालविला. वीसांहून अधिक वर्षांच्या सेवेचें फळ एवढेंच.

पुढें तीनच वर्षांनीं, १९२३ सालीं, विठ्ठल हिंदु संघाचे नायक झाले. त्यांच्या नेतृत्वाखालीं हिंदूंनीं १९२३, १९२५ व १९२६ या सालीं चौरंगी सामने जिंकले. पहिल्या विजयानंतर सवर्ण प्रेक्षकांनीं त्यांस खांद्यावर उचलून घेतलें.

इतिहासकारापाशीं प्रयोगशाळा नसते. एक कारण काढून टाकून दुसऱ्याचा परिणाम काय होतो हें त्यास पाहतां येत नाहीं. परंतु येथें योगायोगानें कांहींशी तशी स्थिति लाभली आहे. बाळू व विठ्ठल हे एका आईचे मुलगे. जात एक, घर एक, संघ एक. एकास नायकत्व नाकारलें, दुसऱ्यास दिलें. दोघांत फरक पाहूं गेल्यास मुख्यतः दोनच सांपडतात. पहिला फरक काळाचा. असहकाराच्या चळवळीबरोबर अस्पृश्यतानिवारणाचा प्रश्न राष्ट्रकार्याचा भाग बनला होता; जी गोष्ट १९१३ सालीं सहज खपली ती १९२३ सालीं खपण्याजोगी राहिली नव्हती. दुसरा फरक जागेचा. बाळू गोलंदाज, विठ्ठल फलंदाज.

या दोहोंपैकीं काळाचें वजन अधिक होतें, असें आम्ही निःशंकपणें मानतों. जागेमुळेंच सारें घडलें असें म्हणणें म्हणजे जातिभेदाचा अपराध सौम्य करणें होईल. परंतु जागेचें वजन शून्य होतें, असेंहि आम्हांस म्हणवत नाहीं. गोलंदाज चांगला नायक होत नाहीं, स्वतःची गोलंदाजी केव्हां थांबवावी हें त्यास कळत नाहीं, असा एक समज क्रिकेटमध्यें फार जुना आहे. ज्या निवड-समितीस बाळू नको असतील, तिला जातीचें नांवहि न उच्चारतां या समजाच्या आड उभें राहतां येत होतें. विठ्ठलांच्या बाबतींत हा आडोसा उरला नाहीं. उत्तम फलंदाजास नाकारावयाचें तर खरें कारण चव्हाट्यावर मांडावें लागलें असतें. आणि १९२३ सालीं तें मांडण्याची लाज वाटूं लागली होती. हें आमचें अनुमान आहे. परंतु दोघां भावांच्या नशिबांतील अंतराचा याहून समाधानकारक उलगडा आम्हांस दिसत नाहीं.

त्या जुन्या समजाचें पुढें काय झालें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. बिशनसिंग बेदी हे बाळूंप्रमाणेंच डाव्या हातानें फिरकी टाकणारे. १९७६ ते १९७८ या काळांत त्यांनीं भारताच्या कसोटी संघाचें नेतृत्व केलें. १९८३ सालीं भारतास विश्वचषक मिळवून देणारे कपिल देव हे आधीं गोलंदाज व मग फलंदाज होते. २००७ सालीं फिरकी गोलंदाज अनिल कुंबळे कसोटी संघाचे नायक झाले. समज खोटा ठरला; परंतु ज्यांचें आयुष्य त्या समजाखालीं गेलें, त्यांस या उशिरा आलेल्या निकालाचा उपयोग नाहीं. बाळू १९५५ सालीं वारले.

येथें देवधरांवर अन्याय होतां कामा नये. १९२० सालीं ते अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते, व स्वतःची निवड त्यांनीं केलेली नव्हती. पुढें १९२६ सालीं गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध त्यांनीं १४८ धावा काढून हिंदी फलंदाज इंग्रजांच्या तोडीस तोड आहेत हें दाखविलें. परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकविणाऱ्या या प्राध्यापकानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक महाराष्ट्रास मिळवून दिला. त्यांतील दुसऱ्या वर्षीं मुंबईविरुद्ध त्यांनीं २४६ धावा काढल्या तेव्हां त्यांची पन्नाशी जवळ आली होती. तथापि देवधरांची खरी थोरवी आम्हांस या आंकड्यांत दिसत नाहीं. मोठ्या शहराचें धन व मोठ्या संस्थानिकाचा आश्रय नसलेल्या एका प्रांताच्या तरुणांस गोळा करून, त्यांच्यांत जिंकण्याचा विश्वास उत्पन्न करून, त्यांनीं संघ घडविला. म्हणजे देवधरांचें सर्वांत मोठें काम नायकाच्या जागेवरचें आहे. आणि बाळूंस जी जागा नाकारण्यांत आली ती नेमकी हीच. एकास आपला सर्वोच्च गुण प्रकट करण्यास अवसर मिळाला. दुसऱ्याच्या अंगीं तो गुण होता कीं नव्हता, हें जगास कळूंच दिलें नाहीं. अशा दोघांस एका तराजूंत घालणाऱ्यानें रिकाम्या ठेवलेल्या पारड्याचाहि विचार केला पाहिजे.

निंबाळकरांच्या ४४३ धावांकडेहि याच दृष्टीनें पाहूं. १९४८ च्या डिसेंबरांत पुणें क्लबाच्या मैदानावर महाराष्ट्रानें काठेवाडविरुद्ध ४ गडी बाद ८२६ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या ४५२ धावांच्या विक्रमास निंबाळकरांस केवळ नऊ धावा कमी होत्या. इतक्यांत काठेवाडच्या संघानें पुढें खेळण्याचें नाकारून सामना सोडून दिला. विरुद्ध पक्षानें मैदान सोडलें कीं जगांतील थोर फलंदाजहि एक धाव काढूं शकत नाहीं, हें सत्य त्या दिवशीं पुण्यानें पाहिलें. फलंदाजाची कीर्ति ही चेंडू टाकणाऱ्यांच्या श्रमावर उभी असते. त्या ८२६ धावा सोसणाऱ्या गोलंदाजांचीं नांवें आज कोण सांगेल? फार कशाला, दुसऱ्या टोकास उभे राहून २०५ धावा काढणारे व निंबाळकरांबरोबर ४५५ धावांची भागी करणारे भांडारकर तरी कितीजणांस आठवतात? आणि इतकें करूनहि निंबाळकरांस एकहि कसोटी सामना खेळावयास मिळाला नाहीं. आंकडा मोठा असला म्हणजे न्याय मिळतोच, असेंहि नाहीं.

तेव्हां श्रेष्ठ खेळाडू ठरवावा कसा? आमच्या मतें निरनिराळ्या जागांवरील खेळाडूंच्या संख्यांची तुलना करूं नये. प्रत्येकास तीनच प्रश्न विचारावे. ज्या जागेवर तो उभा होता तिचें काम त्याच्या काळांत त्याच्याहून चांगलें कोणी केलें काय? तो नसता तर त्याच्या संघाचें किती नुकसान झालें असतें? आणि ती जागा त्यास कशी मिळाली: तो हौसेनें व सोयीनें तेथें पोंचला, कीं वाटेंतील अडथळे दूर करीत पोंचला? पहिल्या प्रश्नांत गुण मोजला जातो, दुसऱ्यांत उपयोग, तिसऱ्यांत पुरुषार्थ. या तीन प्रश्नांस फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक, फुटबॉलचा गोलरक्षक, सर्वांस सारख्याच अटींवर सामोरें जातां येतें. ५५ कसोटी सामन्यांत ३,०६१ धावा काढून ५२ गडी बाद करणाऱ्या बोर्ड्यांसारख्या अष्टपैलू खेळाडूस तर या मापानें दोन जागांचें श्रेय एकदम मिळतें, जें केवळ फलंदाजीच्या मापानें कधींच मिळत नाहीं.

या मापानें पाहतां आमचें मत बाळूंच्या बाजूस पडतें. त्यांच्या काळांत त्यांच्या तोडीचा गोलंदाज हिंदूंत दुसरा नव्हता. १९०६ चा विजय वा १९११ चा दौरा त्यांच्यावांचून कल्पितां येत नाहीं. आणि चार रुपयांच्या नोकरापासून इंग्लंडच्या मैदानांपर्यंतची त्यांची वाट किती बिकट होती, तें वर आलेंच आहे. नायक म्हणून आम्ही देवधरांस अग्रमान देतों. पण तो देतांना या पदासाठीं बाळूंस परीक्षेलाच बसूं दिलें नाहीं, हा शेरा गुणपत्रिकेवर लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

विठ्ठलांनीं १९४८ सालीं ‘माझें क्रीडा-जीवन’ हें पुस्तक लिहिलें. देवधरांनींहि आपल्या आठवणी लिहून ठेविल्या. बाळूंच्या हातचें असें पुस्तक आमच्यापुढें नाहीं. त्यांचें म्हणणें त्यांनीं चेंडूनें सांगितलें, व चेंडूनें सांगितलेलें फलकावर फार काळ टिकत नाहीं. म्हणून पुढच्या रविवारीं पानसुपारीच्या वेळीं हा वाद पुन्हा निघेल, तेव्हां कोणाच्या धावा किती हें मुलांस अवश्य विचारावें. परंतु त्याबरोबरच चेंडू कोण टाकीत होतें, व चहा त्यास कोठें मिळत होता, हेंहि सांगावें.